धानाच्या बांधीतलं दीपगृह

शाळेच्या शेरेबुकात इंग्रजी विषयासमोर तपासणीच्या साहेबांनी तीनच शब्द लिहिले : "वाचतात. बोलत नाहीत." शब्द मुलांविषयी होते, पण खाली सही माझी घेतली.

घडलं ते असं. साहेब नववीच्या वर्गात आले तेव्हा मी दीपगृहाचा धडा शिकवत होतो. एका ओसाड बेटावर एक म्हातारा रखवालदार असतो. किनाऱ्यावर त्याची बायको आजारी पडते. त्याला न्यायला होडी येते, पण त्याच्या जागी यायचा माणूस आलेला नसतो. दिवा विझला तर जहाजं खडकावर आपटतील, म्हणून म्हातारा होडी परत पाठवतो. धडा तिथं संपतो. बायकोचं पुढं काय झालं ते लेखकानं सांगितलेलं नाही आणि स्वाध्यायात विचारलेलं नाही, त्यामुळे चोवीस वर्षांच्या नोकरीत मी त्या वाटेला कधी गेलो नाही.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या डिंपलला इंग्रजीत विचारलं, म्हातारा घरी का गेला नाही? डिंपल उभी राहिली आणि तिनं पहिला परिच्छेद तोंडपाठ म्हटला. साहेब म्हणाले, तसं नाही, तुला काय वाटतं ते सांग. तिनं दुसरा परिच्छेद म्हटला. मग साहेबांनी तिच्या मागच्याला विचारलं, त्यानं तिसरा म्हटला. नववीच्या सत्तावीस मुलांनी मिळून पंधरा मिनिटांत सगळा धडा संपवला. साहेबांचा प्रश्न मात्र होता तिथंच उभा राहिला, होडीची वाट बघत.

शेरा एवढ्यावर थांबला असता तर मी तो पचवला असता. पण पाठोपाठ पत्र आलं. दिवाळीनंतर ऑनलाइन फेरतपासणी होईल, त्यात किमान एका विद्यार्थ्यानं धड्यावर स्वतःचं मत स्वतःच्या इंग्रजीत मांडावं, त्यासाठी शिक्षकानं डिजिटल साधनांचा वापर करावा. अन्यथा संबंधित शिक्षकास साकोली येथे दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण देण्यात येईल. प्रशिक्षक, श्री. कैलाश बावनकर.

प्रशिक्षणाला मी भीत नाही. आजवर इतकी प्रशिक्षणं घेतली आहेत की घरातल्या सगळ्या कापडी पिशव्यांवर कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेचं नाव आहे. भीती होती ती शेवटच्या ओळीची. हा कैलाश माझाच विद्यार्थी. दहावीत इंग्रजीत नापास झाला तेव्हा मी त्याला सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, "बाबू, इंग्रजी तुझं काम नाही. तू दुसरं काही तरी पाहा." त्यानं माझं ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत माझं न ऐकून ज्यांचं भलं झालं त्यांत त्याचा नंबर बराच वर लागतो.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. दिवाळीनंतर एका पोरानं एक मत द्यायचं, नाही तर मी साकोलीत बाकावर बसायचं आणि कैलाशनं फळ्यापाशी उभं राहायचं.

घरी आल्यावर पत्र बायकोला वाचून दाखवलं. रितानं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं काय झालं?"

"ते अभ्यासक्रमात नाही."

"मंग लेकरं काय मत देतील? जे विचारायचं तेच तुमी शिकवत नाही."

साहित्याची जाण नसलेल्या माणसांशी मी वाद घालत नाही. मी शेजारी भैय्यालालकडे गेलो. त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि गावातल्या सगळ्या तांत्रिक अडचणींवर त्याच्याकडे उपाय असतो. बहुतेक वेळा तो उपाय त्याच्याच दुकानात विकायला असतो.

"सर, टेन्शन कायले घेऊन राहिले?" भैय्यालाल म्हणाला. "आजकाल सब कुछ डिजिटल हाय. हे कॉलर माईक घ्या. ह्याच्यात एआय हाय. फालतू आवाज काढून टाकते, असली आवाज ठेवते."

"पण पोरं बोलतच नाहीत. असली आवाज येणार कुठून?"

"थे मशीन पायते सर. तुमी फक्त चार्जिंग करा."

मी माईक घेतला. शिवाय शाळेत एक डिजिटल फळा होताच. दोन वर्षांपूर्वी मोठा समारंभ करून तो बसवला होता आणि तेव्हापासून संगणक खोलीत चादर पांघरून उभा होता. सव्वीस जानेवारीला त्याला हार घालतात. त्यावर शिकवावं असं मी सुचवलं तेव्हा मुख्याध्यापिका रश्मी मॅडम थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. देवळातल्या मूर्तीला कोणी बाजाराला पाठवायचं म्हटलं तर पुजारी असाच बघेल.

चादर काढली, बटण दाबलं. फळ्यानं ओटीपी मागितला. तो ओटीपी गेला जुन्या हेडसरांच्या मोबाइलवर, कारण फळा त्यांच्या नावावर नोंदवलेला. हेडसर निवृत्त होऊन करडीला आपल्या शेतात धान कापत होते. तिथं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रेंज नाही. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चढलं की दोन काड्या येतात.

मी फोन केला. हेडसर पारीवर चढले. फळ्यानं नंबर पाठवला. त्याची मुदत दोन मिनिटं.

"हां, आला मेसेज," हेडसर म्हणाले. "थांबा, चष्मा काढतो." एक मिनिट गेलं. मग मेसेज वाचायला त्यांनी फोन कानापासून दूर नेला आणि सवयीनं कट केला. दुसऱ्या खेपेला त्यांनी पहिले तीन आकडे सांगितले आणि म्हणाले, "पुढचा सात हाय का एक हाय, हे कापणाऱ्या बाईले विचारून सांगतो." ती बाई पारीच्या खाली होती. आम्ही पाच दिवसांत अकरा वेळा हा प्रयोग केला. शेवटी रविवारी मी मोटारसायकल काढली, भंडाऱ्यावरून करडीला गेलो, पारीवर हेडसरांच्या शेजारी बसलो, त्यांचा फोन माझ्या हातात घेतला आणि माझ्या फोनवरून मॅडमना आकडे सांगितले. मॅडम शाळेत फळ्यापुढे उभ्या. तिसऱ्या प्रयत्नात त्या ओरडल्या, "सर, उघडला!"

"काय दिसतंय?"

"अपडेट आवश्यक. अंदाजे वेळ, नऊ तास."

कापणीला माणसं कमी होती, म्हणून हेडसरांनी मला तेवढ्यात दोन ओळी पेंढ्या बांधायला लावल्या. निवृत्त झाले तरी हुद्दा आवाजात राहतोच. साहित्याच्या डिजिटल अध्यापनासाठी मी केलेलं हे पहिलं ठोस काम.

फळा अपडेट होत होता, तोवर मी व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप काढला. कल्पना साधी होती. धड्याचं मी छोटं नाटक केलं. म्हातारा, होडीवाला, वादळाची बातमी आणणारा शिपाई वगैरे. प्रत्येकानं घरून आपापला संवाद रेकॉर्ड करून पाठवायचा. पोरं वर्गात लाजतात, घरी भिंतीकडे तोंड करून बोलतील, असा माझा तर्क. फोन अर्थात बापांचे. त्यामुळे पुढचे काही दिवस आजूबाजूच्या चार गावांतले शेतकरी ट्रॅक्टरवर बसून इंग्रजी वादळाच्या बातम्या ऐकत होते. एकानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, वादळ आपल्याकडे येऊन राहिला का? धान अजून बांधीतच हाय."

चौदा रेकॉर्डिंग आली. मी ती कानात इअरफोन घालून ऐकली आणि मला गहिवरल्यासारखं झालं. पोरं बोलत होती! थोडं थांबून थांबून, पण स्पष्ट. डिंपलनं म्हाताऱ्याचं काम घेतलं होतं. "आय कॅनॉट लीव्ह द लॅम्प," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं की शेरेबुकाचं ते पान आता फाडून टाकायला हरकत नाही. रितानं ऐकलं, म्हणाली, "चांगलं बोलते पोरगी." रश्मी मॅडमनी ऐकलं, त्यांनी शिपायालाही ऐकवलं. सगळ्यांना आवडलं. मी चौदाही रेकॉर्डिंग सरकारी पोर्टलवर चढवली आणि 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या चौकटीत टिचकी मारली.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"नमस्कार सर, कैलाश बोलून राहिलो. तुमच्या लेकरांची रेकॉर्डिंग ऐकली."

"कशी वाटली?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"मस्त हाय सर. फक्त एक विचारू का? रागावू नका. प्रत्येक वाक्य दोनदा काहून हाय?"

"दोनदा?"

"पहिले एक म्हातारा माणूस हळू आवाजात बोलते, मंग पोरगी थेच जोरात बोलते. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये पहिले कोणाची तरी माय बोलते. एकात त बाप वाक्य सांगता सांगता बैलाले बी हाकलून राहिला."

मी पुन्हा ऐकलं. खरं होतं. चौदाच्या चौदा रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाक्याआधी कोणी तरी ते वाक्य सांगत होतं, आणि आम्हा एवढ्या माणसांपैकी एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

बाहेरगावच्या माणसाला हे खोटं वाटेल. पण आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट दोन तालमीत उभे राहतात. सगळं नाटक असतं ते प्रॉम्टरच्या हातात. तो रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात वही घेऊन बसतो आणि राजापासून वेड्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं एकेक करून सांगतो. नट ती उचलतो आणि हातवारे करून म्हणतो. प्रेक्षक लहानपणापासून प्रॉम्टरचा आवाज ऐकत आलेले असतात आणि लहानपणापासूनच तो न ऐकायला शिकतात. हा सभ्यपणाचा भाग आहे. पाहुण्याच्या पायजम्याची नाडी लोंबत असली तर आपण जसं बघत नाही, तसं. कैलाशला तो आवाज ऐकू आला, कारण तो सहा वर्षं पुण्याला राहून आला. तिथं त्याचे कान बिघडले.

डिंपलच्या मागचा हळू आवाज तिच्या आज्याचा होता. गोमाजी. चाळीस वर्षं मंडईच्या नाटकांचा प्रॉम्टर, बाकीचा वेळ धानाचा शेतकरी. मी त्याच्या घरी गेलो आणि हे चालणार नाही असं सांगितलं. गोमाजीनं मला खुर्ची दिली आणि स्वतः बाजेवर बसला.

"सर, तुमी नाटक लिवला न?"

"हो."

"मंग प्रॉम्टर कोण होता तुमचा?"

"प्रॉम्टर नाही. मुलांनी आपलं आपण बोलायचं."

गोमाजी अतिशय सौम्यपणे, एखाद्याला घरची वाईट बातमी सांगावी तसा म्हणाला, "प्रॉम्टर नाही त नाटक कसा होईल जी? पोरगी उभी राहीन, लोक पाहतीन, आन् आवाजच नाही येणार. माझी नात हाय. तिची बेइज्जती मी पाहू का?"

"पण तुम्हाला इंग्रजी येतं?"

"इंग्रजीचा काय काम पडते? डिंपलनं मले मराठी अक्षरात लिवून देल्ली, जशीच्या तशी. मी वाचतो. राजाच्या नाटकात मी राजा थोडीच असतो?"

मी तरीही मनाई जाहीर केली. ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकलं : घरच्यांनी सांगू नये. दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डिंग यायची बंद झाली. एक आलं, त्यात दीड मिनिट कोंबड्यांचा आवाज होता आणि शेवटी एक खोल श्वास. फेरतपासणीला बारा दिवस उरले होते.

मी तत्त्वाचा माणूस आहे, पण तत्त्वं साकोलीला पाठवायची माझी तयारी नव्हती. मी पुन्हा गोमाजीकडे गेलो. या खेपेला खुर्ची मिळाली नाही. प्रॉम्टरला बोलवायला येणाऱ्याला बाजेच्या कडेला बसावं लागतं, असा रिवाज असावा. ठरलं असं की नाटकापुरतं गोमाजी सांगेल. नाटक झाल्यावर साहेब मत विचारतील, तेव्हा तो एक शब्द बोलणार नाही. 'मत' म्हणून मी डिंपलला चार वाक्यं वेगळी लिहून देईन, ती तिनं पाठ करायची. म्हातारा कर्तव्यदक्ष होता, आपणही तसं असावं, वगैरे. मत कसं असावं याचा माझा अंदाज हा एवढाच होता.

"सर, पण मले खरंच काय वाटते, थे सांगू का?" डिंपलनं विचारलं.

"तपासणी झाल्यावर सांग," मी म्हणालो.

तालमी सुरू झाल्या. फळा आता जागा झाला होता. त्याच्या कपाळावर कॅमेरा, तो पोरांना कमरेपासून वर दाखवायचा. कॅमेऱ्याच्या खाली, फळ्याच्या पायथ्याशी, बोऱ्यावर गोमाजी वही घेऊन बसायचा. तिथला माणूस तिकडच्या पडद्यावर दिसत नाही हे आम्ही चार वेळा तपासलं. भैय्यालालचा माईक डिंपलच्या फ्रॉकला लावला आणि शेजारच्या खोलीत भैय्यालाल लॅपटॉप घेऊन ऐकायला बसला. नाटक झाल्यावर तो डोळे विस्फारून आला.

"सर, लाजवाब! पण सगळे रोल बुढ्यालेच काहून देल्ले?"

त्या माईकमधल्या अकलेनं दोन्ही आवाज तोलून पाहिले होते. एक अडखळणारा, भिणारा. दुसरा चाळीस वर्षांच्या सरावाचा, शांत, एका लयीत. तिनं गोमाजीला असली ठरवलं आणि मुलांना फालतू म्हणून काढून टाकलं. मी माईक परत केला. भैय्यालालनं तो घेतला नाही.

दरम्यान गोमाजीच्या सूचना येतच होत्या. नाटकात गाणं नाही. विनोदी पात्र नाही. म्हाताऱ्याची बायको आजारी आहे म्हणता, मग तिला एकदा तरी रंगमंचावर आणायला पाहिजे, बाया रडतील. शिवाय शेवट गावात कोणालाच पटला नव्हता. ट्रॅक्टरवर ऐकून ऐकून ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती आणि पानठेल्यावर दोन पक्ष पडले होते. एक म्हणायचा, दिवा गेला खड्ड्यात, म्हाताऱ्यानं बायकोकडे जायचं. दुसरा म्हणायचा, जहाजातली माणसं काय माणसं नाहीत? तिथून मी जायचो तेव्हा दोन्ही पक्ष माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू त्या म्हाताऱ्याची रजा मीच नामंजूर केली. चोवीस वर्षं हा धडा मी शिकवला, पण त्यावरून भांडण झालेलं पहिल्यांदाच पाहत होतो. ते मराठीत होतं, म्हणून अहवालात धरता आलं नाही.

फेरतपासणी गुरुवारी सकाळी अकराला होती. पत्रातल्या सूचनेप्रमाणे शिक्षकानं दृश्यात नसावं, म्हणून मी दाराशी उभा राहिलो. रश्मी मॅडम माझ्या शेजारी. इन्व्हर्टर भैय्यालालचा, माईक मात्र फळ्याचाच. फळ्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत साहेब, दुसरीत कैलाश, कोट घालून.

नाटक सुरू झालं. आणि मी शेरेबुकाची शपथ घेऊन सांगतो, ते चांगलं झालं. गोमाजी असा काही सांगत होता की त्याचं वाक्य संपायच्या आत पोरं ते उचलत होती, मधे फट दिसत नव्हती. होडीवाला परत गेला. डिंपलनं हात वर करून दिवा धरला आणि म्हणाली, "आय कॅनॉट लीव्ह द लॅम्प." मॅडमनी डोळे टिपले. सर्दी होती म्हणाल्या.

"गुड," साहेब म्हणाले. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि डिंपलला इंग्रजीत विचारलं, म्हाताऱ्याची चूक होती, की बायकोनं बोलावलं ही बायकोची चूक होती?

माझ्या चार वाक्यांत बायको नव्हती.

डिंपल गप्प झाली. मला साकोलीच्या बसचं वेळापत्रक आठवायला लागलं.

आता इथं गोमाजीची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. त्यानं न बोलायचं कबूल केलं होतं, पण चाळीस वर्षांत त्याच्यासमोर नट असा उभा राहिला नव्हता. नट थांबला की शेवटचं वाक्य पुन्हा द्यायचं, हा त्याचा हाताचा नाही तर गळ्याचा सराव. त्यानं दिलं. "आय कॅनॉट लीव्ह द लॅम्प." डिंपलनं उचललं नाही. त्यानं पुन्हा दिलं, थोडं मोठ्यानं. तरी नाही. वहीत पुढं काही नव्हतं. तेव्हा त्यानं वही मिटली आणि त्याच गळ्यानं, मंडईत दहा हजार माणसांच्या गोंगाटातून नटापर्यंत पोचणाऱ्या त्या दबक्या आवाजात, स्वतःचं मत सांगितलं : "सांग न वो, बायकोकडे जाले पायजे होता म्हणून! सांग! कायले भेतेस?"

डिंपलनं खाली पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. आणि ती म्हणाली, "प्लीज कीप क्वाएट. आय विल टेल."

हे वाक्य धड्यात नव्हतं. नाटकात नव्हतं. मी लिहून दिलं नव्हतं. माझ्या वर्गात, माझ्या समोर, एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या गरजेपोटी बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

मग ती पडद्याकडे वळली. "ओल्ड मॅन इज नॉट राँग. वाइफ इज ऑल्सो नॉट राँग. ऑफिस इज राँग."

"ऑफिस?" साहेब म्हणाले.

"वन लॅम्प, वन मॅन. काहून? व्हाय? सेकंड मॅन इज नॉट कमिंग. हिज पोस्ट इज व्हेकंट. सो वाइफ इज अलोन." तिनं श्वास घेतला. "इन अवर स्कूल ऑल्सो, सायन्स सर पोस्ट इज व्हेकंट. टू इयर्स. वुई आर वेटिंग, लाइक शिप."

साहेबांच्या चौकटीत थोडा वेळ काहीच हललं नाही. नेटवर्क गेलं असावं असं मला वाटलं, पण मागचा पंखा फिरत होता. कैलाशनं तोंडापुढे फाईल धरली होती. मग साहेब म्हणाले, "थँक यू," आणि दोन्ही चौकटी मिटल्या.

वर्गात सगळे एकदम बोलायला लागले. गोमाजी गुडघ्यावर हात टेकत बोऱ्यावरून उठला. त्याचा चेहरा पडला होता.

"सर, चाळीस वर्षांत मले कोणत्याच नटानं गप्प राहा म्हणून नाही म्हटला."

"तुम्हाला समजलं ती काय म्हणाली?"

"शब्द नाही समजले. पण प्रॉम्टरले एवढा त समजते न जी." तो दाराशी गेला, थांबला, आणि नातीकडे वळून म्हणाला, "आवाज मात्र मस्त लागला व्वा."

आठवड्यानं शेरा आला. मॅडमनी तो मला खोलीत बोलावून, दार लोटून वाचायला दिला. पूर्वीचे तीन शब्द रद्द केले होते. त्या जागी लिहिलं होतं : "विद्यार्थी बोलतात. कु. डिंपल हिचे मत स्वतंत्र व निर्भीड. तथापि विद्यार्थिनी उत्तर देत असताना दृश्याबाहेरून शिक्षक सतत उत्तर सुचवत होते. विद्यार्थिनीस त्यांना गप्प राहण्यास सांगावे लागले, ही बाब गंभीर आहे. संबंधित शिक्षकास साकोली येथे दहा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे."

"पण तो आवाज तुमचा नव्हताच," मॅडम म्हणाल्या. "खुलासा द्या सर. सात दिवसांची मुदत आहे."

मी त्याच दिवशी खुलासा लिहायला बसलो. सदर आवाज अधोस्वाक्षरीकर्त्याचा नसून श्री. गोमाजी यांचा आहे, इथपर्यंत लेखणी झरझर चालली. पुढं, ते तिथं काय करत होते, हे लिहायचं होतं. ते लिहिलं की नाटक गेलं. नाटक गेलं की तपासणी गेली, तपासणी गेली की शेरा गेला, आणि शेऱ्याबरोबर 'कु. डिंपल'ही गेली. आमच्या शेरेबुकात आजवर छताची गळती, संडासाची दारं आणि शिक्षक यांचीच नावं आली आहेत. विद्यार्थ्याचं नाव ही पहिली वेळ. खिडकीतून पाहिलं तर पोरगी व्हरांड्यात मैत्रिणींना शेऱ्यातला 'निर्भीड' हा शब्द समजावून सांगत होती. मॅडमनी दार लोटण्याआधीच तो शाळाभर झाला होता.

मी खुलाशाचा कागद फाडला आणि शेऱ्याखाली लिहिलं, "मान्य." सही केली.

रिताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी गप्प राहायचं शिकून राहिले हे गावाले खरं नाही वाटणार." आणि बॅग भरून दिली.

साकोलीला पहिल्या सत्रात आम्ही चाळीस इंग्रजीचे शिक्षक बाकांवर बसलो होतो. कैलाश फळ्यापाशी उभा. त्यानं मला पाहून वाकून नमस्कार केला, ते मला फार अवघड गेलं. उद्धटपणा केला असता तर बरं वाटलं असतं. मग त्यानं इंग्रजीत प्रश्न टाकला : आपण मुलांना साहित्य का शिकवतो? तुम्हाला काय वाटतं?

बाकीचे एकोणचाळीस शिक्षक आपापल्या वहीत बघायला लागले. कोणी खोकलं, कोणी मार्गदर्शिकेची पानं उलटायला लागलं. मला मात्र उत्तर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मार्गदर्शिकेतलं नव्हतं, माझं होतं, आणि ते बोलून दाखवावं असं मला इतकं वाटलं की माझा हात आपोआप वर गेला.

कैलाशनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या यादीकडे पाहिलं.

"सर, तुमी नाही," तो अगदी आदरानं म्हणाला. "तुमच्या नावापुढं लिवलं हाय, दहा दिवस फक्त ऐकायचं."

मी हात खाली घेतला. शेजारच्या खिडकीतून हायवेवरचे ट्रक जाताना दिसत होते. समोर चाळीस मिनिटं कोणीच बोललं नाही आणि मी, त्या सगळ्यांत एकटा, ठरल्याप्रमाणे गप्प होतो.